काळ्या गोटीला पुरून उरलेला माणूस

भायखळ्याला पुलांच्या बेचक्यात बिडाच्या उंच खांबावर एक पारशी गृहस्थ वर्षानुवर्षे उभे आहेत. ट्रामच्या काळात लोकांनी त्यांना मान वर करून पाहिले. आता उड्डाणपुलावरून जाताना ते जवळजवळ आपल्या पातळीवर येऊन भेटतात. मुंबईने त्यांचे नाव केव्हाच विस्मरणात टाकले आणि खडा पारशी एवढीच ओळख शिल्लक ठेवली. २०१४ साली या स्मारकाची नीट डागडुजी झाली, तेव्हा कुठे काही जणांना कळले की हे शेट कर्सेटजी माणेकजी. जन्म १७६३, मृत्यू १८४५.

पुतळा वडिलांचा, पण गोष्ट सांगण्याजोगी आहे ती तो उभारणाऱ्या मुलाची. मुलाचे नाव माणेकजी कर्सेटजी. पारशी रिवाजाप्रमाणे बापाचे नाव मुलाच्या मागे आणि आजोबांचे नाव मुलाला, त्यामुळे बापलेकांची नावे एकमेकांच्या आरशातली वाटतात. माणेकजी १८०८ साली जन्मले आणि १८८७ साली वारले. सरकारी नोकरी, पुढे मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीशपद, भायखळ्याला बंगला, युरोपचा प्रवास असे सगळे त्यांच्या वाट्याला आले. पण या सुखवस्तू माणसाच्या चरित्रात एक दृश्य पुन्हा पुन्हा येते. एक दार आहे, ते बंद आहे आणि माणेकजी ते ठोठावत आहेत.

त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणायला हवी. फोर्टात टाउन हॉल नुकताच उभा राहिला होता. जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांना सरकार मान देऊ लागले होते. व्यापारात गोरा साहेब आणि काळा शेटजी एकाच जहाजात पैसे गुंतवत, एकाच मेजावर हिशेब करत. पण हिशेब मिटला की मेज वेगळे होई. १८३३ साली भायखळा क्लब निघाला, तो केवळ युरोपियनांसाठी. एतद्देशीय माणूस कितीही शिकलेला असो, संध्याकाळी सहानंतर तो परका होता.

माणेकजींनी पहिले दार ठोठावले ते विद्वानांचे. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी ही पौर्वात्य विद्येची संस्था. पूर्वेकडच्या लोकांचे ग्रंथ, नाणी, शिलालेख यांचा तिथे अभ्यास चाले. सभासद मात्र सगळे पश्चिमेकडचे. माणेकजींनी सभासदत्व मागितले, ते नाकारले गेले. दुसरा कोणी असता तर अपमान गिळून घरी बसला असता किंवा वर्तमानपत्रात आगपाखड करून मोकळा झाला असता. माणेकजींनी तसे काही केले नाही. त्यांनी लंडनच्या मूळ रॉयल एशियाटिक सोसायटीकडे मोर्चा वळवला. तिने त्यांना सभासद करून घेतले. आता ज्याला आईने पोटाशी धरले, त्याला लेकीने उंबऱ्याबाहेर कसे ठेवावे? १८४०च्या सुमारास मुंबईच्या शाखेलाही त्यांना आत घ्यावे लागले. त्या संस्थेचे पहिले हिंदी सभासद म्हणून त्यांचेच नाव सांगितले जाते.

दुसरे दार अधिक जाड होते. ते होते फ्रीमेसन मंडळींचे.

फ्रीमेसनरीविषयी आपल्याकडे कुतूहल फार आणि माहिती थोडी. अनेक गावांत त्यांच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत आणि तिच्यावरून जाताना मुलांना दबक्या आवाजात काहीबाही सांगत. मूळ गोष्ट साधी आहे. मेसन म्हणजे गवंडी. युरोपात दगडी चर्चे बांधणाऱ्या गवंड्यांचे संघ असत. पुढे त्यांत हातात थापी न धरणारे गृहस्थही येऊ लागले, आणि बांधकामाची अवजारे ही सदाचाराची चिन्हे झाली. गुण्या म्हणजे वागण्यातला सरळपणा, पाणसळ म्हणजे सगळे माणूस म्हणून एका पातळीवर, ओळंबा म्हणजे नीतीची उभी रेघ. १७१७ साली लंडनमध्ये त्यांची पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली. स्कॉटलंडची १७३६ साली.

या बंधुसंघात शिरायची रीत आजही बरीचशी तीच आहे. कोणी तुम्हाला आग्रह करून बोलवायचे नाही, असा जुना दंडक. तुम्ही आपणहून मागायचे. माणूस सज्ञान असावा, चारित्र्याने चांगला असावा आणि परमेश्वर मानणारा असावा. तो कोणत्या नावाने मानतो याची चौकशी नाही. शपथ ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर घ्यायची. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही. एका सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे. मग चौकशी, आणि त्यानंतर मतदान. हे मतदान मोठे मजेशीर. प्रत्येकाने पेटीत हात घालून गुपचूप एक गोटी टाकायची. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळ्या गोट्या अगदी थोड्या निघाल्या, कुठे एक, कुठे दोन, फार तर तीन, तरी अर्ज बाद. कोणी टाकली हे विचारायचे नाही आणि का टाकली हेही सांगायचे नाही. सगळे पार पडले तर डोळ्यांवर पट्टी बांधून उमेदवाराला आत नेतात आणि तीन पायऱ्यांपैकी पहिली दीक्षा देतात.

आम्ही बँकेत होतो त्या काळात नवे खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. सही करणाऱ्याची पत चांगली असली की फॉर्म पुढे सरके. माणेकजींपाशी पत होती, प्रतिष्ठा होती, इंग्रजी होते, आणि झरथुष्ट्राचा अनुयायी म्हणून एका ईश्वरावर श्रद्धाही होती. नियमांच्या पुस्तकात त्यांना अडवील असे एकही कलम नव्हते. अडत होते ते गोटीपाशी. नियम सगळ्यांच्या देखत लिहिलेला असतो; गोटी अंधारात पडते. समतेची पाणसळ भिंतीवर टांगलेली आणि हात मात्र पेटीत काळी गोटी शोधणारा, असा हा प्रकार होता.

मुंबईत १८२८ पासून पर्सिव्हिअरन्स नावाची लॉज होती. पर्सिव्हिअरन्स म्हणजे चिकाटी. तिने माणेकजींना प्रवेश नाकारला. खरी चिकाटी दाराच्या कोणत्या बाजूला होती, ते पुढे दिसले. माणेकजी इंग्लंडला गेले. तिथे इंग्लंडच्या ग्रँड लॉजचे प्रमुख राजघराण्यातले ड्यूक ऑफ ससेक्स होते, वृत्तीने उदार. तरीही तिथे माणेकजींचे काम झाले नाही. मग ते पॅरिसला गेले. तिथल्या एका लॉजने, जिच्या नावाचा अर्थ विश्वाच्या गौरवार्थ असा होतो, त्यांना दीक्षा दिली. भायखळ्याच्या माणसाला भायखळ्याच्या शेजाऱ्यांचा बंधू होण्यासाठी सातासमुद्रापार फ्रेंचांच्या घरी जावे लागले.

ते परत आले. आता ते रीतसर दीक्षा घेतलेले बंधू होते. पण एशियाटिक सोसायटीत जी मात्रा चालली, ती इथे चालली नाही. पर्सिव्हिअरन्सने त्यांना पुन्हा नाकारले.

या ठिकाणी गोष्टीत दुसरा माणूस येतो: डॉ. जेम्स बर्न्स. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझ गावचा, कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर. १८३६ पासून स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या वतीने पश्चिम हिंदुस्थानचा तो प्रमुख होता. त्याचा भाऊ अलेक्झांडर बर्न्स म्हणजे बुखाऱ्यापर्यंत जाऊन आलेला प्रसिद्ध प्रवासी. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलच्या जमावाने अलेक्झांडरला ठार मारले, आणि त्याच्याबरोबर धाकटा भाऊ चार्ल्स यालाही. एकाच दिवशी दोन भाऊ गेले. अशा माणसाने पूर्वेच्या लोकांविषयी मन कायमचे कडू करून घेतले असते तर त्याला दोष देणे अवघड होते. बर्न्सने उलट केले. १५ डिसेंबर १८४३ रोजी त्याने मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज स्थापन केली. तिचे दार एतद्देशीयांना उघडे होते आणि युरोपियनही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार होते. अध्यक्ष स्वतः बर्न्स. सुरुवातीच्या सभासदांत माणेकजी होते, इतर पारशी होते आणि मुसलमानही होते. ज्याचे दोन सख्खे भाऊ परक्या शहरात मारले गेले, त्याने परक्यांना बंधू म्हणून हाक मारली. बंधुभाव या शब्दाचे खरे वजन मला इथे जाणवते.

आता कोणी म्हणेल, की ही वेगळी चूल मांडून दिली, यात मोठेपणा कसला? जुन्या घराने आत घेतले नाही ते नाहीच. आक्षेप खरा आहे. शिवाय हे सगळे श्रीमंतांचे आणि इंग्रजी जाणणाऱ्यांचे प्रकरण होते. गिरगावातल्या कारकुनाला किंवा खऱ्याखुऱ्या गवंड्याला तिथे कोण विचारणार? हिंदूंना तर आणखी थांबावे लागले. अनेक देव मानणारा माणूस एक परमेश्वर मानतो की नाही, यावर साहेबांचा काथ्याकूट चालला. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांना सुमारे नऊ वर्षे झगडावे लागले. १८७२ साली त्यांना दीक्षा मिळाली. पुढे स्वामी विवेकानंदांनी संन्यासापूर्वी, १८८४ साली, कलकत्त्याच्या अशाच लॉजमध्ये दीक्षा घेतली आणि मोतीलाल नेहरूही मेसन झाले. १९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. पॅरिसहून परतलेला पारशी ज्या उंबऱ्यावर अडला होता, त्या घराचे यजमान आता आपलेच लोक होते.

तरी वेगळी चूल आणि बंद दार यांत फरक आहे. वेगळ्या चुलीवर निदान अन्न शिजते. रायझिंग स्टारमुळे मुंबईच्या समाजात गोरे आणि हिंदी समान पायरीवर बसल्याचे एक उदाहरण तयार झाले, आणि उदाहरण तयार झाले की नकार देणाऱ्याला कारण शोधावे लागते. माणेकजींची पद्धत हीच. त्यांनी दार फोडले नाही, दारापुढे रडलेही नाहीत. त्याच नियमाने उघडणारे दुसरे दार त्यांनी शोधले आणि मग पहिल्याला त्याच्या स्वतःच्या नियमाची आठवण करून दिली.

इथेच चरित्र संपले असते तर माणेकजी हे मानासाठी धडपडणारे एक शेटजी ठरले असते. पण दाराबाहेर ताटकळणे काय असते हे कळलेला माणूस दोन प्रकारे वागतो. एक तर आत शिरल्यावर तो कडी लावून घेतो, किंवा मागे कोण उभे आहे ते वळून पाहतो. माणेकजींनी वळून पाहिले, तेव्हा त्यांना स्वतःच्या घरातल्या मुली दिसल्या.

फ्रीमेसनांचा संघ पुरुषांचा. स्त्रियांना तिथे काळ्या गोटीचाही मान नाही, कारण त्यांचे नावच सुचवता येत नाही. जुन्या परंपरेच्या लॉजेसमध्ये आजही तसेच आहे. माणेकजींनी त्या नियमाशी भांडण मांडल्याचे दिसत नाही. पण आपल्या लेकींना त्यांनी इंग्रजी शिकवले, चारचौघांत वावरू दिले. ज्ञातीतल्या लोकांनी नाके मुरडली. यावेळी काळी गोटी साहेबांच्या हातात नव्हती, स्वकीयांच्या हातात होती, आणि ती जास्त लागते. माणेकजी मागे हटले नाहीत. १८६३ साली इंग्लंडच्या युवराजाचा अलेक्झांड्राशी विवाह झाला. त्याच वर्षी त्या राजवधूचे नाव देऊन माणेकजींनी मुंबईत हिंदी मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची संस्था काढली. मुलींना मराठी किंवा गुजराती लिहिता-वाचता येणे म्हणजे पुष्कळ झाले, असे सुधारकही मानत त्या काळातली ही गोष्ट आहे. फोर्टात ती अलेक्झांड्रा शाळा आजही उभी आहे.

आपल्याभोवतीही मंडळे, क्लब, सोसायट्या, ज्ञातिसंघ पुष्कळ आहेत. कुठे ना कुठे आपण सभासद असतो, आणि कधी ना कधी ती गोटी आपल्याही हातात येते. एखाद्या संस्थेत शिरावे की नाही हे ठरवताना तिची घटना वाचावी, वर्गणी विचारावी, हे ठीकच. पण तिच्या उंबऱ्याबाहेर कोण उभे आहे, तेही एकदा पाहून घ्यावे. माणेकजींना ते पाहता आले, म्हणून त्यांच्या नावाचा बंधुसंघ आज फार कुणाला ठाऊक नसला, तरी त्यांनी मुलींसाठी उघडलेल्या दाराने रोज सकाळी दप्तरे घेतलेल्या मुली आत जातात, आणि त्यांच्यावर कोणी गोट्या टाकत नाही.