कोशकार मेजर कँडी

कफ परेडच्या मच्छीमार नगराचा पत्ता लिहिताना घशातला कफ आठवतो, शर्टाच्या बाहीचा कफही आठवतो. प्रत्यक्षात हे नाव सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ या साहेबांचे, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी एक ‘ई’ आहे. नागरीत सगळे सारखेच! कानाला एक पण अर्थाला भिन्न अशा इंग्रजी शब्दांनी आपल्यापैकी कोणाला छळलेले नाही? मराठी माणसाला या रानातून वाट काढून देणाऱ्यांत मेजर टॉमस कँडी यांचे स्थान मोठे आहे. त्यांचे आडनावही त्याच जातीचे. इंग्रजीत कँडी म्हणजे खडीसाखर, आणि कंपनीच्या व्यापाऱ्यांची कँडी म्हणजे आपली खंडी. (ब्रीच कँडीशी मात्र या गृहस्थांचा संबंध नाही.)

कँडी यांचा जन्म 1804 साली इंग्लंडात झाला. जुळा भाऊ जॉर्ज याच्यासह ते कंपनीच्या लष्करात दाखल झाले. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशास दोघा भावांचे साहाय्य होते. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांना प्रकृतीमुळे सोडावे लागले. ते कँडी यांनी पुरे केले व 1847 मध्ये तो कोश प्रसिद्ध झाला.

मराठी शब्द ऐकावा तसा लिहावा. इंग्रजीत तसे चालत नाही. ‘सन’ ऐकणारा विद्यार्थी गोंधळतो. मध्ये ‘यू’ असेल तर सूर्य, ‘ओ’ असेल तर मुलगा. कोशात हे दोघे आपापल्या जागी वेगळे बसलेले असतात, आणि कँडी यांनी तर एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची रांगच उभी केली. पाठांतरापेक्षा असा कोश चाळणे मला अधिक उपयोगी वाटते.

1851 मध्ये पुणे कॉलेजचे पहिले ‘प्रिन्सिपल’ कँडीच झाले. शेवटी ‘ए-एल’ असलेले, म्हणजे मुख्याध्यापक. ‘एल-ई’वाले म्हणजे तत्त्व!

विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेयही त्यांचेच. सलग लिहिलेल्या जुन्या मजकुरात वाक्य कोठे संपले हे वाचकानेच ताडायचे असे. सरकारी भाषांतरकार या नात्याने मराठी क्रमिक पुस्तकांवर त्यांची लेखणी वर्षानुवर्षे फिरली. एका परकीयाने आमची भाषा तपासावी हे पुढे अनेकांना रुचले नाही, आणि तो राग अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. पण त्यांनी दिलेला स्वल्पविराम टाकून देणे त्या रागावणाऱ्यांनाही जमले नाही.

1877 साली महाबळेश्वर येथे त्यांचे निधन झाले.