गामा आणि सात फुटांचा रहीम

यंदा मे महिन्यात मामाकडे धारला गेले होते. एक दिवस शेजारच्या जैन कुटुंबाबरोबर आम्ही सगळे मोहनखेड्याला गेलो. राजगढजवळचं हे मोठं जैन तीर्थ. ज्यांची समाधी तिथे आहे ते आचार्य राजेंद्रसूरी 1906 साली गेले. प्राकृतचा प्रचंड कोश करणारे म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यांचं नाव ठाऊक असायला हवं, पण मला ते त्या दिवशी तिथेच कळलं, हे कबूल करते.

माझ्या दोन मामेभावांना कोशाशी काही घेणंदेणं नव्हतं. व्हॅनमध्ये बसल्यापासून दोघांचा वाद चालला होता. थोरल्याचं म्हणणं असं, की आजचे हेवीवेट बॉक्सर दोन मीटर उंच आणि सव्वाशे किलोचे. जुन्या काळातले नव्वद किलोवाले त्यांच्यापुढे दोन राउंडही टिकले नसते. धाकट्याला हे मान्य नव्हतं. तो सोळाचा आहे, उंची पाच फूट तीन इंच. एका तालमीत त्याला बघूनच सांगितलं होतं की तुझ्या अंगात पहिलवान नाही. तेव्हा हा वाद त्याच्यासाठी नुसत्या टाइमपासचा नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला काही उत्तर देता आलं नाही. आपल्या घरातून अशा वेळी लगेच दावीद आणि गल्याथ निघतात, तेच मीही काढलं. पण दावीदने गोफण वापरली होती, लांबून. कुस्तीत गोफण नसते. तिथे राक्षसाच्या मिठीतच शिरावं लागतं.

घरी परतल्यावर मी गामाबद्दल वाचायला घेतलं. राजेंद्रसूरी गेले त्या सुमारास मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांतून कुस्त्या मारत फिरणारा हा माणूस. त्याने इंदूरच्या आणि भोपाळच्या पहिलवानांनाही पाडलं होतं. उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच.

गामाचं खरं नाव गुलाम मुहम्मद बक्ष. जन्म 1878 चा, अमृतसरकडचा, काश्मिरी मुसलमान पहिलवानांच्या घराण्यातला. वडीलही पहिलवान, पण गामा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आजोबांनी आणि मग मामाने त्याला तालमीत उभं केलं. दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली होती. देशभरातून चारशेच्या वर पहिलवान आले. एकेक करून गडी बसत गेले आणि शेवटच्या पंधरात हे पोर उरलं. महाराजांनी वय बघून त्यालाच विजयी ठरवलं. पुढे दतियाच्या महाराजांनी त्याला आश्रय दिला. तेव्हाची पद्धतच तशी होती. पहिलवानाला खुराक संस्थान देई, आणि तो संस्थानाच्या नावावर लढे. आपल्याकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी तेच केलं. त्यांच्या खासबाग मैदानाचं 1912 मध्ये उद्घाटन झालं तेव्हा हौद्यात उतरला होता तो गामाचा धाकटा भाऊ इमाम बक्ष.

गामाच्या मेहनतीचे आकडे सगळे सांगतात: रोज पाच हजार बैठका, तीन हजार जोर, इतकं दूध, इतके बदाम. मी ते आकडे जरा बाजूलाच ठेवते. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक दगड आहे. गामाने 1902 मध्ये तो उचलला असं म्हणतात. वजन सांगतात 1200 किलो. आज जगातले सगळ्यात ताकदवान लोक खास पट्टे बांधून लोखंडी दांडा उचलतात, तेव्हा कुठे पाचशे किलोच्या आसपास पोचतात. त्यामुळे दगड खरा असेल, उचललाही असेल म्हणजे थोडा कलता केला असेल, एवढंच मला पटतं. मला जास्त विश्वास वाटतो पतियाळाच्या क्रीडासंस्थेत ठेवलेल्या त्याच्या हसलीवर. हसली म्हणजे मध्ये भोक असलेलं जड दगडी कडं, गळ्यात घालून बैठका मारायचं. वजन 95 किलो. म्हणजे गामा स्वतःएवढं वजन मानेवर घेऊन उठबस करत होता. हे माणसाला जमण्यासारखं आहे, आणि तरी ऐकून मान दुखते.

आता मुद्द्यावर येते. 1895 मध्ये सतरा वर्षांच्या गामाने रहीम बक्ष सुलतानीवाल्याला आव्हान दिलं. रहीम तेव्हाचा हिंदुस्थानातला सर्वात नावाजलेला पहिलवान, उंची सात फुटांच्या जवळपास. म्हणजे गामाचं डोकं त्याच्या छातीशी. लोकांना वाटलं, पोरगा दोन मिनिटांत चीत होणार. कुस्ती कित्येक तास चालली. गामाच्या नाकाकानांतून रक्त आलं, पण त्याची पाठ मातीला लागली नाही. कुस्ती बरोबरीत सुटली.

इथे बहुतेक लेख टाळ्या वाजवतात. मला मात्र त्यातली दुसरी बाजू दिसली. गामा जिंकला नव्हता. पुढेही त्यांच्या जोडी लागल्या, त्याही निकाली झाल्या नाहीत. 1910 पर्यंत गामाने देशातले सगळे नामांकित पहिलवान पाडले, एक रहीम सोडून. म्हणजे त्या सात फुटांना काहीतरी अर्थ होता. पट काढायला खाली जावं तर वरून त्याची मिठी; ढाक मारावी तर त्याचं वजन उचलून फिरवणार कसं? थोरल्या मामेभावाचं म्हणणं अगदीच चूक नाही, हे मला इथे मान्य करावं लागलं.

1910 मध्ये एका बंगाली धनिकाच्या पैशावर गामा आणि इमाम बक्ष लंडनला गेले. तिथे स्पर्धेत उतरायचं होतं, पण गामाचा अंगकाठा बघून आयोजकांनी प्रवेशच दिला नाही. (धाकट्याने हे वाचून फोन केला होता.) मग गामाने जाहीर आव्हान दिलं, की कोणत्याही वजनाचे तीन पहिलवान अर्ध्या तासात पाडतो. बराच काळ लोकांना ती थाप वाटली. शेवटी बेंजामिन रोलर नावाचा अमेरिकन डॉक्टर-पहिलवान पुढे आला. गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा नऊ-दहा मिनिटांत चीत केलं. आता प्रवेश मिळाला.

10 सप्टेंबर 1910 रोजी समोर होता पोलंडचा स्टॅनिस्लाउस झ्बिश्को. हा उंच नव्हता, गामाएवढाच. पण वजन गामापेक्षा पंचवीसेक किलो जास्त. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं, आणि मग झ्बिश्को उठलाच नाही. पोटावर पालथा, हातपाय पसरून, अडीच तासांहून जास्त. गामा त्याला पलटी करायला जाई, तो गादीला चिकटून राही. आपल्या मैदानात असं केलं असतं तर लोकांनी शिट्ट्या मारून उठवलं असतं. तिथेही प्रेक्षक वैतागलेच. कुस्ती बरोबरीत सोडवून 17 तारखेला पुन्हा ठेवली. झ्बिश्को आलाच नाही. गामाला विजयी ठरवून जॉन बुल पट्टा आणि अडीचशे पौंड दिले.

वजन हे असंही वापरता येतं, हे मला त्या अडीच तासांवरून समजलं. मोठं शरीर नेहमी हल्लाच करतं असं नाही. ते नुसतं पडून राहिलं तरी हलत नाही. आणि गामा मातीवर वाढलेला, इथे गादी, वेळेचं बंधन, अनोळखी नियम. कोण जिंकेल हे विचारण्याआधी कुठे, कोणत्या नियमांनी, हे विचारायला हवं. बॉक्सिंगमध्येही तेच असणार. पूर्वीच्या लढती वीस-पंचवीस राउंडच्या, उन्हातान्हात. आज बारा राउंड.

परत आल्यावर अलाहाबादला गामा पुन्हा रहीमसमोर उभा राहिला आणि या वेळी जिंकला. रुस्तुम-ए-हिंद झाला. पहिल्या जोडीला पंधरा-सोळा वर्षं उलटून गेली होती. गामा तिशी ओलांडलेला, पूर्ण पिकलेला. रहीम उतरणीला लागलेला. उंची कमी झाली नव्हती, दम कमी झाला होता.

हा वयाचा मुद्दा सगळीकडे दिसतो. 4 जुलै 1919 ला टोलेडोमध्ये जॅक डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं. विलर्ड जवळजवळ दोन मीटरचा, डेम्प्सीपेक्षा पंचवीस किलोंनी जड. पण विलर्ड सदतीस वर्षांचा होता आणि डेम्प्सी चोवीसचा. मी हेच सूत्र धरून थोरल्याला सांगायला निघाले होते, की बघ, लहानाचं खरं हत्यार वय असतं. तेवढ्यात त्यानेच ते मोडलं. मे 2024 मध्ये रियाधला उसिकने फ्युरीला हरवलं. फ्युरी 206 सेंटिमीटर, उसिक 191, वजनात सतरा-अठरा किलोंचा फरक. आणि वयाने मोठा उसिकच होता. डिसेंबरमध्ये त्याने पुन्हा हरवलं. उदाहरण थोरल्यानेच दिलं आणि ते त्याच्याच विरोधात गेलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तरी त्याने हार मानली नाही: उसिकही जुन्या काळातल्या बहुतेकांपेक्षा मोठाच की! तेही खरं. डेम्प्सी 85 किलोचा, उसिक शंभरच्या वर. आजचा लहान हा कालचा मोठा आहे.

मला वाटतं, गामाची गोष्ट एवढंच दाखवते: आकार हा खोटा फायदा नाही. पण तो फायदा एका मर्यादेपर्यंतच चालतो, आणि ती मर्यादा ओलांडायला लहान माणसाला गामाला लागली तेवढी वर्षं लागू शकतात. कुस्तीत आता वजनी गट आहेत. आपले खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणू शकले ते 57 किलोच्या गटात. गट नसते तर त्यांच्यासमोर कोण आलं असतं, कोण जाणे.

झ्बिश्को मात्र गामाला विसरला नाही. मधल्या काळात तो अमेरिकेत जगज्जेता झाला होता. जानेवारी 1928 मध्ये तो पतियाळाला आला. महाराजांनी मोठा आखाडा बांधवला, हजारोंनी लोक जमले. गामा पन्नाशीला टेकलेला, झ्बिश्कोही तेवढाच. या वेळी माती होती. हात मिळवले आणि एक मिनिट व्हायच्या आत झ्बिश्को चितपट. अठरा वर्षांपूर्वी अडीच तासांत जे झालं नव्हतं ते इतक्यात झालं. पुढच्याच वर्षी गामाने पीटरसनला दीडेक मिनिटात पाडलं. त्यानंतर त्याच्याशी जोड धरायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

फाळणीच्या वेळी गामा लाहोरला मोहिनी रोडवर राहत होता. शेजारी बरेच हिंदू. जमाव आला तेव्हा गामा आपल्या पहिलवानांसह त्यांच्या घरांपुढे उभा राहिला. त्या वेळी तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. जमाव परतला. नंतर त्या कुटुंबांना त्याने स्वतःच्या खर्चाने शिधा दिला आणि सरहद्दीपर्यंत पोचवलं. वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती इथे. तिथे ना वजनी गट होते ना पंच.

शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. दम्याने छाती भरलेली, हृदय कमकुवत. आश्रय देणारी संस्थानं राहिली नव्हती. सरहद्दीपलीकडून बिर्लांनी त्याला पैसे पाठवल्याची नोंद आहे. 23 मे 1960 रोजी लाहोरला गामा वारला.

धाकट्याला मी हे सगळं पाठवलं. त्याने एवढंच विचारलं, की हसलीचं भोक किती मोठं असतं, म्हणजे त्याच्या मानेतून जाईल का. पतियाळाला कुणी गेलं तर बघून सांगा.