आर्थर सिकार

आर्थर सिकार (१८७६ – १९४६) हे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील संशोधक व उद्योजक होते. रस्त्यावरील बर्फ उचलून दूर फेकणाऱ्या स्नो ब्लोअर या यंत्राच्या निर्मितीचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

त्यांचा जन्म माँत्रियालजवळील सें-लेओनार येथे शेतकरी कुटुंबात झाला. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद झाले की दूध शहरात पोहोचवता येत नसे. शेतातील मळणी यंत्र पाहून त्यांना बर्फ फेकण्याची कल्पना सुचली. ती प्रत्यक्षात येण्यास मात्र अनेक वर्षे लागली. धान्य कोरडे व सुटे असते. ओला बर्फ जड असतो, पात्यांना चिकटतो आणि नळीत दबून घट्ट बसतो. त्यामुळे मळणी यंत्राची नुसती नक्कल पुरेशी नव्हती.

१९२५ मध्ये सिद्ध झालेल्या यंत्रात ट्रकच्या सांगाड्यावर बर्फ ओढून घेणारा भाग, तो फेकणारा पंखा आणि पंख्यासाठी स्वतंत्र इंजिन होते. हे दुसरे इंजिनच रचनेचे मर्म म्हणता येईल, कारण जड बर्फात ट्रक मंदावला तरी पंख्याचा वेग कमी होत नसे. बर्फ सुमारे २७ मीटर दूर किंवा थेट शेजारच्या ट्रकमध्ये टाकता येई. १९२७ मध्ये माँत्रियाललगतच्या ऊत्रमाँ नगराने सिकार यांचे पहिले यंत्र विकत घेतले.