पडद्याआडच्या वारसांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाच्या वतनात वाटा मागितला, ही गणना २७ मधील हकिगत आपण शब्बाथशाळेत शिकवितो. त्या मुलींना निदान मोशेपुढे उभे राहता आले. ज्यांना घराचा उंबराही ओलांडता येत नव्हता अशा वारस स्त्रियांसाठी झटलेल्या एका ख्रिस्ती भगिनीचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील रेव्ह. सोराबजी खरसेटजी पारशी समाजातून ख्रिस्ताकडे आले होते व त्यासाठी त्यांनी पुष्कळ छळ सोसला होता. आई फ्रान्सिनाबाई पुण्यात शाळा चालवीत. त्यांच्याकडे एकदा एक गुजराती विधवा रडत आली. विश्वासातल्या कारभाऱ्याने तिची सारी मिळकत आपल्या नावे करून घेतली होती. लहानग्या कॉर्नेलियेने ते ऐकले, आणि तिच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली.

डेक्कन कॉलेजातून ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून नाकारली गेली. विलायतेतील हितचिंतकांनी वर्गणी जमविली, आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तिने दिली. स्त्रियांत ती पहिली. पण पदवी काही मिळाली नाही! मायदेशी मुंबई व अलाहाबाद येथील कायद्याच्या परीक्षाही दिल्या, तरी कोर्टात उभे राहण्याची परवानगी मिळेना.

अखेर १९०४ मध्ये बंगाल सरकारने त्यांना कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे नेमले. अज्ञान वारस किंवा गोषातील विधवा यांच्या जमीनदाऱ्या हे खाते सांभाळीत असे. (आपल्या मध्यप्रांतातही हे खाते होते.) पण साहेब अधिकाऱ्याला जनानखान्यात प्रवेश नसे. आतील बाईपर्यंत कारभारी सांगेल तेवढेच पोचे, आणि तिची सही तोच बाहेर आणी. कॉर्नेलियाबाई पालखीतून, होडीतून, प्रसंगी हत्तीवरून अशा वाड्यांत पोचत, बाईशेजारी बसून कागद समजावून देत, सावत्र नात्यांतील भांडणे मिटवीत, बाळ वारसाच्या जिवाची व शिक्षणाची व्यवस्था पाहत. सुमारे ६०० स्त्रिया व मुलांना त्यांचे साह्य झाले असे सांगतात.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे गोषा नाही. आमच्या बहिणी संत्र्याच्या बागेत व कपाशीत राबतात. तरी कागदापुढे त्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. एका घरी आम्ही सांत्वनाच्या प्रार्थनेस गेलो होतो. दफनाला चार दिवसही झाले नव्हते, तोच दिराने कागद पुढे केला आणि विधवेने न वाचता अंगठा दिला. आम्ही गप्प बसलो. ती टोचणी अजून जात नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला व मागे पत्नी आणि मुले असली, तर पत्नीस एक तृतीयांश मिळते. उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. मृत्युपत्र करावयाचे तर दोन साक्षीदार हवेत. ज्याला त्यात काही द्यावयाचे आहे त्याने किंवा त्याच्या पत्नीने साक्ष घालू नये. घातली तर त्याची देणगी रद्द होते. हे आम्हांला त्या दिवशी ठाऊक नव्हते असेही नाही.

कॉर्नेलियाबाईंची सारीच मते आम्हांला पटत नाहीत. स्वराज्याच्या चळवळीला व गांधीजींना त्यांनी विरोध केला, आणि त्यामुळे आपल्याच लोकांत त्या एकाकी पडल्या. त्यांचे काम मात्र त्यामुळे उणे होत नाही.

ऑक्सफर्डने त्यांची पदवी १९२२ मध्ये, तीस वर्षांनी, हाती दिली. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मोकळीक मिळाली. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्या कलकत्त्यात वकिली करू लागल्या. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला राहिल्या व ६ जुलै १९५४ रोजी तेथेच प्रभूत निद्रिस्त झाल्या.