वर्कल्याचा कडा आणि नाणू मास्तर

आपल्या बेटावरची कुटुंबे भारतयात्रेला निघाली की मुंबई, पंढरपूर, शिर्डी करून परततात. ज्यांना आणखी चार दिवसांची सवड असेल त्यांनी खाली केरळात वर्कला गावी जरूर जावे. तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला अरबी समुद्राला लागूनच उंच तांबडा कडा उभा आहे. आपला ग्री-ग्रीचा कडा काळ्या लाव्हाचा. याच्या माथ्यावर मात्र आपल्या पूर्वजांच्या कोकणातला जांभा दगड आणि खाली वाळूचा दगड व चिकणमाती. कड्यातून गोड्या पाण्याचे झरे पाझरतात. माथ्यावर पायवाट, दुकाने, खाणावळी. खाली, एके काळी आपल्या तामारेंला गर्दी होई तशी, फळीवर उभी राहून लाटांवरून घसरणारी तरुण मंडळी. त्याच पापनाशम किनाऱ्यावर लोक पितरांना पिंड देतात. एका बाजूला दर्भ आणि तीळ, दुसऱ्या बाजूला सर्फिंगच्या फळ्या. कोणी कोणाला अडवत नाही.

अडवण्याचे दिवस मात्र फार जुने नाहीत. किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत शिवगिरी नावाची टेकडी आहे. तिथे श्री नारायण गुरूंची समाधी आहे. कडा पाहून परत फिरणाऱ्या पुष्कळ प्रवाशांना तिची खबरही नसते.

गुरूंचा जन्म 1856 साली तिरुवनंतपुरमजवळच्या चेम्पळंती गावी ईळव कुटुंबात झाला. त्या काळी त्रावणकोर संस्थानात ईळवांना मोठ्या देवळांत प्रवेश नव्हता. देवळांजवळच्या कित्येक रस्त्यांवरून त्यांना चालण्याचीही बंदी होती. सरकारी नोकरी आणि शाळा यांची दारेही बहुधा बंदच. वडील गावातल्या मुलांना शिकवीत, मामा वैद्य होते. नारायण संस्कृत शिकले आणि स्वतः मुलांना शिकवू लागले. लोक त्यांना नाणू आशान म्हणत. आशान म्हणजे मास्तर. (आम्हा शिक्षक मंडळींना एवढ्यावरूनच ते जवळचे वाटतात!) पुढे घर सोडून ते भटकले आणि मरुत्वामला डोंगरातील गुहेत तप करीत राहिले.

1888 साली, महाशिवरात्रीला, अरुविप्पुरम येथे त्यांनी नेय्यार नदीत बुडी मारली, तळातला एक दगड वर आणला आणि शिव म्हणून त्याची स्थापना केली. त्या दिवशी आपण ग्राँ बासाँला पायी जातो, म्हणून ही गोष्ट मुलांना सांगायला सोपी जाते. मूर्ती बसवण्याचा अधिकार तेव्हा ब्राह्मणांचा मानला जाई. जाब विचारायला लोक आले तेव्हा, आपण तर ईळवांचा शिव बसवला आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले म्हणतात. भांडण नाही, आरडाओरड नाही. समोरच्याला पुढे काय बोलावे तेच सुचू नये, अशी त्यांची रीत होती.

1903 साली श्री नारायण धर्म परिपालन योगम् ही संस्था निघाली. डॉ. पल्पू हे तिचे मोठे आधार. वैद्यकी शिकूनही जातीमुळे त्रावणकोरात नोकरी मिळाली नाही, म्हणून त्यांना म्हैसूरला जावे लागले होते. कवी कुमारन आशान तिचे चिटणीस झाले. पुढल्याच वर्षी गुरू शिवगिरीवर राहायला आले. 1912 मध्ये तिथे त्यांनी देऊळ बांधले ते शारदेचे, विद्येच्या देवतेचे. पुढे 1917 मध्ये तर, आता देवळे पुरेत, शाळा काढा, असा त्यांनी आपल्या लोकांना उपदेश केला. 1927 साली एका देवळात मूर्तीच्या जागी त्यांनी आरसा बसवला.

1922 साली रवीन्द्रनाथ टागोर शिवगिरीला आले. 1924 मध्ये वैकमच्या देवळाजवळचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा गुरूंनी तिथला आपला मठ सत्याग्रहींना राहायला दिला. 1925 च्या मार्चमध्ये गांधीजी शिवगिरीला भेटायला आले. आंब्याच्या झाडाकडे बोट दाखवून, याची सगळी पाने कुठे सारखी आहेत, असे गांधीजींनी विचारले. त्यावर गुरू म्हणाले की चघळून पाहिले तर चव एकच लागेल. आजही आपल्याकडे लग्न जुळवताना कोणी आवाज खाली करून मुलाची जात विचारू लागले, की मला ही पाने आठवतात.

20 सप्टेंबर 1928 रोजी शिवगिरीवरच त्यांनी देह ठेवला. त्रावणकोरच्या महाराजांनी सरकारी देवळे सर्व हिंदूंना खुली केली ती 12 नोव्हेंबर 1936 रोजी, म्हणजे आठ वर्षांनंतर. ती बातमी ऐकायला गुरू नव्हते.

दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस पिवळी वस्त्रे नेसून यात्रेकरू शिवगिरीला येतात, तेव्हा राहायला जागा मिळणे कठीण. एरवी सकाळी समाधी पाहावी आणि सूर्यास्ताला कड्यावर यावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि कड्याची माती ढासळते, तेव्हा मुलांना काठापासून दूर ठेवावे.