ग्रॅनव्हिल वुड्स : धावत्या गाडीला बोलतं करणारा माणूस



बोगद्यातल्या वळणावर पुढची गाडी दिसत नाही. मग चालक नसलेली मेट्रो तिला धडकत कशी नाही? मुलं हे विचारतातच, आणि आपण रडार, रेडिओ असे दोन शब्द सांगून मोकळे होतो. पुढच्या वेळी ही गोष्ट सांगून बघा.

ग्रॅनव्हिल वुड्स यांचा जन्म १८५६ चा. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी होती आणि वुड्स कृष्णवर्णीय होते. दहाव्या वर्षी शाळा सुटली. मग कारखान्यात, पुढे रेल्वेच्या इंजिनावर काम. वीजशास्त्र बरंचसं स्वतःच वाचून शिकले.

त्या काळी गाडी स्टेशनातून सुटली की पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत तिचा पत्ताच नसायचा! मध्येच बंद पडली आणि मागून दुसरी आली, तर टक्कर. तारयंत्र होतं, पण धावत्या गाडीला तार जोडणार कशी?

वुड्स यांनी ती जोडलीच नाही. डब्याखाली तारेचं वेटोळं बसवलं आणि रुळांलगत एक तार टाकली. वेटोळ्यातला प्रवाह बदलला की खालच्या तारेत, स्पर्श न होता, प्रवाह उमटतो. हेच आपलं पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. त्यावरून गाडी आणि स्टेशन एकमेकांना संदेश देऊ लागले. पेटंट मिळालं १८८७ मध्ये.

ते सहज मिळालं नाही बरं का. ल्यूशस फेल्प्स आणि खुद्द एडिसन यांचेही अशाच यंत्रावर दावे होते. निकाल वुड्स यांच्या बाजूने लागला. नावावर चाळीसहून अधिक पेटंटं झाली, पण बरीचशी मोठ्या कंपन्यांना विकावी लागली, आणि कोर्टकचेऱ्यांत पैसा गेला तो गेलाच.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. कॅनडातल्या व्हँकुव्हरची चालकविरहित स्कायट्रेन १९८६ पासून नियमित धावते. शहराच्या मध्यात ती जुन्या बोगद्यातून जाते. तिच्या रुळांमध्ये तारेची जोडी अंथरलेली आहे आणि त्या तारा ठरावीक अंतरावर एकमेकींना ओलांडतात. गाडी हे छेद मोजते, म्हणजे आपण कुठे आहोत ते तिला कळतं, आणि त्याच तारांवरून ते नियंत्रण कक्षाला कळवते. वुड्स यांचीच तार की ही! काही गाड्यांच्या तळाशी रडारही असतं. रुळांकडे लहरी सोडायच्या, परतताना त्यांची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढायचा. मुंबईच्या भुयारी मेट्रोत मात्र हे बोलणं रेडिओवरून चालतं.

वुड्स १९१० मध्ये न्यूयॉर्कला वारले, जवळपास कफल्लक. कबरीवर दगड बसला तो थेट १९७५ मध्ये. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, तिथल्या प्रवासाच्या कार्डांवर त्यांची माहिती छापली होती.