गोपाळरावांची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरजवळच्या कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. पगार होता अवघा पंधरा रुपये. त्यांतील आठ रुपये ते दरमहा न चुकता धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. त्या आठ रुपयांत गोपाळने कोल्हापुरास हाताने स्वयंपाक करून दिवस काढले, दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली बसून अभ्यास केला. दुसऱ्याच्या मदतीने सोडविलेल्या गणिताबद्दल शाबासकी मिळताच रडू कोसळलेल्या बाल-गोपाळाची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. त्या प्रसंगी चूक कबूल करणे तसे सोपे होते, कारण समोर प्रेमळ गुरुजी होते. पुढे एकतिसाव्या वर्षी जी चूक त्यांना कबूल करावी लागली, तिच्या वेळी समोर सारे सरकार उभे होते आणि पाठीमागे संतापलेला समाज होता.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन गोपाळराव पुण्यास आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपये पगारावर शिक्षक झाले. वकिली करून पैसा मिळवावा असे त्यांच्या मनात नव्हते असे नाही. परंतु लोकशिक्षणाच्या कामी त्यांनी आपले आयुष्य वाहिले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सभासद झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते इंग्रजी, गणित, इतिहास असे पडेल तो विषय शिकवीत.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. रानडे म्हणजे कामाचा डोंगर! सरकारी अहवाल वाचावेत, त्यांतील आकडे टिपून घ्यावेत, ते ताडून पाहावेत आणि मगच लोकांच्या वतीने सरकारकडे अर्ज लिहावा, अशी त्यांची शिस्त होती. गोपाळरावांनी लिहून आणलेला मजकूर ते बारकाईने तपाशीत. एखादा आकडा चुकला असेल, एखादे विधान पुराव्यावाचून केलेले असेल, तर तो कागद परत जाई. वर्षानुवर्षे गोपाळराव या शाळेत शिकले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादनही त्यांनी याच शिस्तीने केले. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे जी चूक घडली ती निष्काळजी माणसाच्या हातून घडली नाही.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता पुण्याच्या डेक्कन सभेने गोपाळरावांची निवड केली. तिशीतील हा तरुण प्राध्यापक मुंबईचे दिनशा वाच्छा यांच्याबरोबर विलायतेस निघाला. वाटेत काले येथे पडल्यामुळे त्यांच्या छातीला दुखापत झाली. परंतु उगाच कोणास त्रास नको म्हणून काही दिवस त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. एप्रिलमध्ये त्यांची साक्ष झाली. मुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले, पण रानड्यांच्या शाळेत शिकलेला हा शिष्य एकाही आकड्यावर अडखळला नाही. दादाभाई नौरोजींसारख्या वृद्ध नेत्यालाही त्यांचे मोठे कौतुक वाटले.

इकडे पुण्यात मात्र हाहाकार उडाला होता. १८९६ साली मुंबईत शिरलेली प्लेगची साथ पुण्यात येऊन थडकली होती. रोग आटोक्यात आणण्यासाठी सरकारने प्लेग कमिटी नेमली आणि रँड हा अधिकारी तिचा अध्यक्ष झाला. घरे तपासण्याचे काम गोऱ्या सोजिरांकडे देण्यात आले. सोजीर घरात शिरत, देवघरापर्यंत जात, सामानसुमान बाहेर टाकीत, आजारी म्हणून संशय आलेल्या माणसाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेत. प्लेगपेक्षा तपासणी भयंकर, असे लोकांना वाटू लागले. या साऱ्या हकीकती गोपाळरावांचे पुण्यातील स्नेही पत्रांतून त्यांना कळवीत होते. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या गोष्टीही त्या पत्रांत होत्या. लिहिणारी माणसे जबाबदार होती, खोटे बोलणारी नव्हती. मात्र त्यांनी लिहिलेल्या काही गोष्टी प्रत्यक्ष पाहिलेल्या नव्हत्या, ऐकलेल्या होत्या. सहा हजार मैलांवर बसलेल्या गोपाळरावांना हा फरक कसा कळावा?

२२ जून १८९७ रोजी रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या. विलायतेत एकच खळबळ उडाली. पुण्याचे लोकच दुष्ट, असा सूर तेथील पत्रांतून निघू लागला. लोक इतके का चिडले हे कोणी तरी सांगावयास हवे, असे गोपाळरावांना वाटले. त्यांनी पार्लमेंटच्या सभासदांपुढे भाषण केले, 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रात आपले म्हणणे प्रसिद्ध केले आणि पत्रांतून कळलेले स्त्रियांवरील अत्याचारांचे प्रकार जगापुढे मांडले. एका एका आकड्याची शहानिशा करणाऱ्या या माणसाने या एका वेळी शहानिशा होण्यापूर्वी विधान केले. चूक झाली ती एवढीच; पण ती लहान नव्हती.

सरकारने तत्काळ तारा करून मुंबईकडे विचारणा केली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे आरोप साफ खोटे असल्याचे कळविले. आता पुरावा देण्याची जबाबदारी गोपाळरावांवर येऊन पडली आणि तेवढ्याचसाठी ते जुलैमध्ये स्वदेशी परत निघाले. पुण्यात या वेळी भीतीचे राज्य होते. धरपकड चालू होती. लोकमान्य टिळकांना जुलैअखेर अटक झाली, नातू बंधूंना स्थानबद्ध करण्यात आले. ज्यांनी गोपाळरावांना पत्रे लिहिली होती त्यांची झोप उडाली. आपली नावे उघड करू नयेत, अशी विनवणी त्यांनी गोपाळरावांना केली.

मुंबईस जहाज लागले, तेव्हा पोलिस वाट पाहतच होते. ही माहिती कोणी दिली, एवढेच त्यांना हवे होते.

गोपाळरावांची त्या वेळची अवस्था ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या मनाने त्यांनी काहीच रचले नव्हते. लिहून आलेले तेवढेच त्यांनी सांगितले होते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी सांगितली असती, तर बहुतेक दोष त्यांच्या माथ्यावरून उतरून त्या लोकांच्या माथ्यावर गेला असता. नावे सांगणे म्हणजे खोटे बोलणेही नव्हते. पण त्या दिवसांत पोलिसांच्या हाती नाव पडणे याचा अर्थ काय होता, हे पुण्यातले लहान मूलही जाणत होते. आपल्यावर विश्वास टाकून लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना चौकशीच्या तोंडी द्यावयाचे की नाही, असा तो प्रश्न होता. गोपाळरावांनी नावे सांगण्यास नकार दिला.

त्यानंतर त्यांनी स्वतःच चौकशी आरंभिली. पत्रे लिहिणाऱ्यांना पुरावा विचारला. परंतु ज्यांच्यावर प्रसंग गुदरल्याचे सांगितले जात होते, त्यांच्यापैकी कोणीही पुढे येईना. लोकांच्या साऱ्याच तक्रारी खोट्या होत्या असे नव्हे. पण जे आरोप गोपाळरावांनी जाहीरपणे केले होते, ते सिद्ध होत नव्हते.

अशा वेळी ते रानड्यांकडे गेले. रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश, म्हणजे सरकारचे नोकर होते. सरकारचा रोष झालेल्या माणसाला जवळ करणे त्यांना धोक्याचेच होते. पण संशयाखाली दिवस काढणे म्हणजे काय असते, हे रानड्यांनी स्वतः भोगले होते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या वेळी त्यांची धुळ्यास बदली झाली होती आणि त्यांची टपाल तपासली जात होती. त्यांनी शिष्याला दूर लोटले नाही. त्याची चूक झाकण्याचा सल्लाही त्यांनी दिला नाही. खरा आधार देणारा माणूस या दोन्ही गोष्टी टाळतो, आणि ते फार अवघड असते. रानडे आणि फिरोजशहा मेहता यांच्याशी विचारविनिमय करून, जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे आणि माफी मागावी, असे गोपाळरावांनी ठरविले.

ऑगस्ट १८९७ च्या आरंभी त्यांचे माफीपत्र प्रसिद्ध झाले. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि ज्या सोजिरांवर आरोप केले होते त्यांचीही त्यांनी विनाअट माफी मागितली. साऱ्या चुकीची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली. स्नेह्यांपैकी एकाचेही नाव त्यात नव्हते.

या माफीने कोणाचेच समाधान झाले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसेना, आणि स्वकीयांनी तर त्यांना भित्रा ठरविले. वृत्तपत्रांनी टीकेचा भडिमार केला. वेल्बी कमिशनपुढील तेजस्वी साक्ष लोक जणू विसरून गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. ज्यांची नावे गोपाळरावांनी झाकली, त्यांनी पुढे होऊन दोष वाटून घेतल्याचे ऐकिवात नाही. माणसे भ्यालेली असली म्हणजे असे होते. त्यांना फार बोल लावू नये. विलायतेत ज्यांनी गोपाळरावांना जवळून पाहिले होते, त्या वाच्छांचा स्नेह मात्र तसूभरही ढळला नाही. रानड्यांचे दारही पूर्वीसारखेच उघडे राहिले. नेहमीप्रमाणे काम चालू झाले, अहवाल वाचले जाऊ लागले, आकडे तपासले जाऊ लागले.

काही काळ सार्वजनिक कामातून अंग काढून घ्यावे, असे गोपाळरावांच्या मनात येऊन गेले. पण १८९८ साली पुण्यात प्लेग पुन्हा उसळला आणि ते स्वयंसेवकांना घेऊन रोग्यांच्या शुश्रूषेला धावले. ज्या गल्ल्यांतील लोक त्यांना नावे ठेवीत होते, त्याच गल्ल्यांत ते घरोघर हिंडत होते. ज्या गव्हर्नरांची त्यांना माफी मागावी लागली होती, त्यांनीच या कामाची वाखाणणी केली. १८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले आणि पुढे कलकत्त्यास वरिष्ठ कौन्सिलात गेले. तेथे अंदाजपत्रकावर होणारी त्यांची भाषणे ऐकावयास विरोधकही उत्सुक असत. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला व त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी कौन्सिलात विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले.

रानडे त्यापूर्वीच, १६ जानेवारी १९०१ रोजी, निवर्तले होते. त्यांनी दिलेले एक उपरणे गोपाळरावांनी जिवापाड जपले होते. विशेष प्रसंगाखेरीज ते कधीही वापरीत नसत. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दुःखे पाहण्यासाठी तेथे गेले, तेव्हाही ते उपरणे त्यांच्या सामानात होते. जोहान्सबर्ग येथील हिंदी लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली. त्या प्रसंगी तेच उपरणे घ्यावयाचे गोपाळरावांनी ठरविले. पण त्याला सुरकुत्या पडल्या होत्या आणि धोब्याकडे पाठविण्यास वेळ उरला नव्हता. इस्त्री करून देण्यास महात्मा गांधी पुढे झाले. गांधीजींच्या वकिलीवर गोपाळरावांचा पूर्ण विश्वास होता, धोबीकामावर मुळीच नव्हता. उपरण्याला डाग पडला तर काय, या काळजीने ते ते हातांतून सोडीनात. शेवटी फार आग्रह झाल्यावर त्यांनी ते दिले. गांधीजींनी ते काळजीपूर्वक इस्त्री करून आणले, तेव्हा कोठे गोपाळरावांचा जीव खाली पडला, आणि रानड्यांचे उपरणे खांद्यावर घेऊन ते मेजवानीस निघाले.